बायकांनी पलीकडच्या खोलीत

माझ्यासाठी मानवतहून एक स्थळ आलं होतं. मुलाचे मामा कापसाच्या अडतीवर कामाला होते आणि चौकशी करायचा मान त्यांच्याकडे होता. "मुलगी काय करते?" त्यांनी विचारलं. माझे बाबा राणीसावरगावला शाळामास्तर. खोटं बोलायचं नाही आणि अर्धवटही सांगायचं नाही, हा त्यांचा बाणा. ते म्हणाले, "परभणीला सरकारी हापिसात कॉम्प्युटर आहे."

"कॉम्प्युटरवर आहे?"

"नाही नाही. कॉम्प्युटरच आहे."

"अहो, पण कॉम्प्युटर म्हणजे मशीन ना?"

"मशीन वेगळं. ही स्वतः आहे."

मंडळींनी चिवड्याच्या बशा रिकाम्या केल्या, चहा घेतला आणि कळवतो म्हणून गेली ती गेलीच. आई बाबांवर चिडली. बाबांचं म्हणणं एकच, "मी काय खोटं बोललो?"

नव्हतेच बोलले. त्या वेळी सांख्यिकीच्या सरकारी कार्यालयांत आकडेमोड करणाऱ्या माणसाच्या पदाचं नावच कॉम्प्युटर असे. माझ्या नेमणुकीच्या हुकमावर तसंच छापलेलं होतं. हल्ली नातवंडांना सांगते की मी कॉम्प्युटर होते, तर ती मला कुठलं बटण दाबायचं ते विचारतात.

आमचं कार्यालय शेतीसंशोधनाचं. प्रयोगाच्या शेतांत कापसाचे, ज्वारीचे निरनिराळे वाण लावलेले असत आणि कुठल्या तुकड्यात किती पीक आलं याचे आकडे आमच्याकडे येत. त्यांच्या बेरजा करायच्या, प्रत्येक आकड्याचा वर्ग काढायचा, वर्गांच्या बेरजा करायच्या, आणि शेवटी ठरवायचं, की अमुक वाण खरंच सरस आहे की नुसतं नशिबानं पुढे आलंय. हे सगळं आम्ही दांडा फिरवायच्या लोखंडी यंत्रावर करत असू. दांडा पुढे फिरवला की बेरीज, मागे फिरवला की वजाबाकी. खोलीतली सगळी यंत्रं एकदम सुरू झाली की बाहेरून जाणाऱ्याला वाटे, आत गुऱ्हाळ लागलंय.

खोलीत बहुतेक आम्ही बायकाच. आधीच्या एका साहेबांचं मत पडलं होतं, की पुरुष कॉम्प्युटर उठसूट चहाला जातो आणि बाई डबा खाऊन परत जागेवर बसते. आम्ही काढलेल्या उत्तराखाली सही करण्यासाठी मात्र वरच्या खोलीत सहायक होते. ते सगळे पुरुष. ते चहाला जात. त्यांच्या सहीवाचून काही अडत नसल्यामुळे त्यांना जाता येई.

आमच्यात सगळ्यात जुन्या प्रमिलाबाई. तीन लेकरांची आई, एका हातानं दांडा आणि दुसऱ्या हातानं विणकाम. आणि एकच पुरुष, भगवान कदम. सोनपेठजवळच्या गावचा शेतकऱ्याचा मुलगा, अंगानं धिप्पाड, मिशा झुपकेदार, आणि आकड्यांना असा घाबरणारा की विंचू परवडला. गावाकडे भजनात तो पेटी वाजवी. त्याची बोटं पाहत राहावी अशी होती. जाडजूड, पण पेटीवर पडली की पाण्यासारखी वाहत. आकडेमोडीत मात्र त्याला दर अर्ध्या तासानं घाम फुटे. "ताई, माझं डोकं गरगरायलंय. हे सात हाय का एक हाय, बघा की जरा."

एके दिवशी आमचे रत्नपारखीसाहेब खोलीत आले. ते सहसा येत नसत, म्हणून सगळे दांडे थांबले. आणीबाणी नुकतीच उठली होती आणि लोक पुन्हा आपापल्या वेळेवर, म्हणजे उशिरा, यायला लागले होते. आम्हाला वाटलं त्याबद्दल बोलणी बसणार. पण साहेब खुशीत होते. पुण्याच्या एका केंद्रात मोठा विजेचा कॉम्प्युटर होता आणि आमचे हिशेब यापुढे त्यावर करायचे ठरलं होतं. त्यासाठी दोघांना शिकायला पाठवायचं होतं.

तिथली कामाची वाटणी त्यांनी आम्हाला समजावली. कॉम्प्युटरला आपले आकडे वाचता येत नाहीत. ते जाड कागदाच्या कार्डांवर भोकं पाडून त्याला द्यावे लागतात. टाइपरायटरसारख्या यंत्रावर बसून भोकं पाडायची, हे पंचिंग. आणि आकड्यांचं काय करायचं, कुठल्या पायरीनंतर कुठली पायरी, हे त्याच्या भाषेत लिहून द्यायचं, हे प्रोग्रामिंग.

"पंचिंगला कमलबाई," साहेब म्हणाले. कमलबाई म्हणजे मी. "प्रोग्रामिंगला कदम."

भगवानच्या मिशा खाली आल्या. मी उभी राहिले. "साहेब, मी गणितात बी.एस्सी. केलंय. कदमांचं गणित..."

"माहीत आहे मला कदमांचं गणित."

"मग?"

"कमलबाई, पंचिंगला बायकांची नाजूक बोटं लागतात. सगळीकडे बायकाच असतात. आणि प्रोग्रामिंगला वेळीअवेळी मशीनपाशी थांबावं लागतं. तुम्हाला थांबू देतील का? मी तुमच्या सोयीचंच बघतोय."

मी माझ्या बोटांकडे बघितलं. लहानपणापासून कापूस वेचून त्यांना बोंडांच्या टोकांचे ओरखडे पडले होते. नाजूकपणा त्यांना कुणी कधी शिकवला नव्हता. आम्ही धम्म स्वीकारला तेव्हा बाबांनी ठरवलं होतं की पोरगी शिकेल, आणि ज्याला लोक घाबरतात तेच शिकेल. म्हणून मी गणित घेतलं. आता त्या गणिताला बाहेर बसवून माझी बोटं पुण्याला निघाली होती.

पुण्याला मला पोचवायला बाबा आले. भगवानही त्याच एसटीत होता. नगरच्या अलीकडे गाडी चहाला थांबली. बाबा हात धुवायला गेले तसा भगवान माझ्यापाशी आला. त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता. त्याच्या हातात केंद्रानं पाठवलेली माहितीची पुस्तिका होती.

"ताई, मी हे वाचलं. मला न्हाई जमायचं. ह्यात नुसतं 'जर असं असंल तर तसं, नसंल तर मागं जा' असंच लिवलंय. मी आधीच मागं जायलोय."

"मग साहेबांना सांगायचं होतं."

"काय सांगू? पुरुष असून बायकांचं काम मागायलाय, असं? आख्खं हापिस हसंल."

मी पुस्तिका घेतली आणि उभ्या उभ्या वाचायला लागले. जर असं असेल तर तसं. नसेल तर मागे जा. इतकं सुरेख काही मी बऱ्याच दिवसांत वाचलं नव्हतं. बाबा परत आले तरी मी वाचतच होते, आणि चहावर साय धरली होती.

"भगवानभाऊ," मी म्हटलं, "तुम्ही पंचिंगच्या खोलीत जाऊन बसा. मी तुमच्या खोलीत बसते."

"असं चालतं का?"

"न चालायला काय झालं? परभणीहून दोन माणसं येणार होती. दोन आलीत."

मग त्याला हसू फुटलं. ते पोटातून वर येत मिशांपर्यंत पोचलं आणि तो बाकावर बसून गदागदा हलायला लागला. मलाही आवरेना. बाबांनी चष्म्यातून दोघांकडे पाहिलं, सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "खोटं बोलू नका. कुणी विचारलं तर सरळ सांगा. न विचारता सांगायची गरज नाही." बाबांच्या बाण्यात एवढी सवलत मी प्रथमच पाहिली.

पहिल्या दिवशी केंद्रात गेलो तर आवाराच्या दोन बाजूंना दोन इमारती. मी प्रोग्रामिंगच्या वर्गात शिरले. सगळे पुरुष. शिकवायला आपटेसर होते, किडकिडीत, सदऱ्यावर खडूची पूड. त्यांनी माझ्याकडे अतिशय सौजन्यानं पाहिलं. "बाई, पंचिंग तिकडे. बायकांनी पलीकडच्या खोलीत जायचं."

"माहीत आहे सर. पण तिकडची परभणीची जागा भरली."

"भरली? कुणी भरली?"

तेवढ्यात पलीकडच्या इमारतीतून बायकांच्या हसण्याचा असा कल्लोळ आला की खिडकीवरची कबुतरं उडाली. भगवान आत शिरून खुर्चीवर बसला होता. आपटेसर खिडकीपाशी गेले, वाकून पाहिलं आणि बराच वेळ तिकडेच तोंड करून उभे राहिले. वळले तेव्हा ओठ घट्ट मिटलेले होते. "आजचा दिवस बसा," ते म्हणाले. "उद्या बघू."

तो उद्या काही आला नाही. आपटेसरांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं, दुसऱ्याचं चुकवलं, तिसऱ्यावर त्यांच्याशी वाद घातला. त्यानंतर त्यांनी मला उठवायचा विषय काढला नाही.

प्रोग्रामिंग म्हणजे काय, हे मला अजूनही लोक विचारतात. मी आपटेसरांचंच वाक्य सांगते, नवा जावई घरी आल्यासारखं आहे. बसा म्हटल्याशिवाय बसायचा नाही, जेवा म्हटल्याशिवाय जेवायचा नाही, आणि पुरे म्हणायचं विसरलात तर वाढाल तितकं खात राहील. रागवून उपयोग नाही, त्याच्या मनात काही नसतं. तुम्ही काय सांगायला विसरलात तेवढंच तो दाखवून देतो.

अडचण वेगळीच निघाली. कॉम्प्युटरच्या इमारतीत बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं. कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि पंचिंगच्या इमारतीत पुरुषांसाठी नव्हतं. मधली सुट्टी झाली की मी इकडून तिकडे धावे आणि भगवान तिकडून इकडे. आवाराच्या मधोमध कडुनिंबाखाली आमची गाठ पडे. थांबायला वेळ नसे. "कसं चाललंय?" मी ओरडे. "पेटीवानी हाय ताई! निस्ती पेटी!" तो धावता धावता ओरडे. व्हरांड्यात लोक आमची वाट बघत उभे राहायला लागले.

त्याचं खरंच छान चाललं होतं. पहिले दोन दिवस तिथल्या मुलींनी त्याची थट्टा केली. मग त्यानं बोटं टाकली आणि थट्टा थांबली. आठवड्याभरात त्या त्याला दादा म्हणायला लागल्या आणि कार्डं कशी झटकून सरळ करायची, कुठल्या मशीनची कळ अडकते, हे सगळं शिकवायला लागल्या. त्या बदल्यात तो त्यांना टेबलावर ताल धरून गवळणी म्हणून दाखवी.

माझा पहिला प्रोग्राम मशीनवर चढवायची वेळ आली तेव्हा दुसरी भिंत पुढे आली. शिकणाऱ्यांना मशीन संध्याकाळनंतर मिळे आणि सातनंतर बायकांना आत थांबायला मनाई होती. बायकांच्याच काळजीसाठी केलेला नियम, असं सांगत. आपटेसरांनी डोकं खाजवलं. दुपारी मशीनवरचे लोक डबा खायला उठत. तेवढ्या वेळात ते मला आत घेऊन गेले. सांगायचं काम साधं होतं. गावाचं नाव छापायचं आणि थांबायचं. मशीननं परभणी छापलं. माझ्या अंगावर काटा आला. मग पुन्हा परभणी छापलं. मग परभणी, परभणी, परभणी. थांब म्हणायचं मी विसरले होते. कागद धबधब्यासारखा बाहेर येऊन जमिनीवर साठायला लागला. डबा टाकून माणसं धावत आली, एकाच्या हातात अजून पोळीचा तुकडा होता. मशीन बंद झालं तेव्हा आम्ही गुडघाभर परभणीत उभे होतो.

मला वाटलं, संपलं, आता घरी. आपटेसर कागद गोळा करता करता म्हणाले, "जावयाला पुरे म्हणायचं राहिलं वाटतं." आणि मला जे हसू आलं ते थांबेना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. भीती, आनंद आणि मशीनच्या खोलीतला तो एसीचा गारवा, सगळं एकत्र झालं होतं.

परत परभणीला आलो आणि रत्नपारखीसाहेबांना दोघांची प्रमाणपत्रं दिली. त्यांनी आधी माझं वाचलं, मग भगवानचं, मग पुन्हा माझं. "ह्यात अदलाबदल झाली आहे."

"हो साहेब," मी म्हटलं. "आम्हीच केली."

ते काय काय बोलले ते लिहीत नाही. शेवटी म्हणाले की वरून मंजुरी आली आहे ती प्रोग्रामर म्हणून पुरुषाची आणि पंचिंगला बाईची. तेव्हा कागदोपत्री कदम प्रोग्रामर आणि कमलबाई पंच ऑपरेटर. आत बसून कुणी काय करायचं ते करा. आणि पहिला निकाल वेळेवर आला नाही तर पुन्हा दांडे फिरवायला बसा.

तर अशी गंमत. मी प्रोग्राम लिही आणि त्यावर नाव कदमांचं लागे. ती चीड मी गिळली, पण भगवानला गिळता येईना. कुणी "प्रोग्रामरसाहेब" म्हणून हाक मारली की तो मिशांच्या आत लाजे आणि माझ्याकडे बोट दाखवी.

त्यातच त्याची आई सोनपेठहून आली. परभणीहून गेलेल्या कुणीतरी बातमी लावली होती की तुमचा पोरगा हापिसात बायकांच्या रांगेत बसून बायकांचं काम करतोय. रुक्मिणबाई सरळ एसटीतून उतरून कार्यालयात, हातात बाजाराची पिशवी, पदर खोचलेला. आमच्या नव्या पंचिंगच्या खोलीत त्या दारातच थबकल्या. भगवानची पाठ त्यांच्याकडे होती. मशीन खडखडत होतं आणि त्याची दहा बोटं नाचत होती.

मग म्हणाल्या, "आरं, तू तर पेटीच वाजवायलास की!"

भगवान दचकून उभा राहिला. "आये, मी... हे काम..."

"बस खाली. बंद कशाला केलीस?" त्या खोलीत आल्या आणि खुर्चीवर टेकल्या. मला म्हणाल्या, "बाई, जरा पानी दे." माझ्याच तांब्यातलं पाणी. क्षणभर मीच थबकले, त्या नाही थबकल्या. घटाघटा प्यायल्या आणि तोंड पुसून म्हणाल्या, "लोकं म्हनायलेत बायकांचं काम. आता बायकांचं काम म्हंजी काय वाईट असतंय का? मी जल्मभर केलं की."

जाताना त्या साहेबांच्या खोलीतही डोकावल्या. "सायेब, माज्या लेकाला हितून हलवू नका. लय वर्सांनी त्याचं त्वांड हसरं दिसायलंय." साहेब उभे राहून नमस्कार करते झाले.

आता पहिल्या निकालाची गोष्ट. जिल्ह्यातल्या सगळ्या प्रयोगांचे आकडे भगवाननं कार्डांवर चढवले, प्रोग्राम मी लिहिला, आणि कार्डांच्या पेट्या घेऊन आम्ही पुण्याला गेलो. दुसऱ्या दिवशी पुण्यातच वरिष्ठांची बैठक होती आणि रत्नपारखीसाहेब त्यासाठी मुक्कामाला आले होते. आम्हाला मशीन मिळालं ते संध्याकाळी. कार्डं आत गेली, कागद यायला लागला, कापसाचे निकाल सुरेख उतरले. ज्वारी सुरू झाली आणि मशीन मध्येच थांबलं. त्याच क्षणी पहारेकरी दारात आला.

"बाई, सात वाजले."

"अहो, काम अर्ध्यावर आहे."

"सात वाजले बाई. नोकरी जाईल माझी."

म्हातारा होता बिचारा. मी बाहेर आले. भगवान कागदोपत्री प्रोग्रामर, त्यामुळे तो आतच राहिला, मशीनसमोर एकटा, हात जोडल्यासारखा.

मशीनच्या खोलीला व्हरांड्याच्या बाजूनं मोठी काच होती. मी काचेवर थापा मारल्या. भगवाननं अडलेला कागद आणून आतून काचेला लावला. मी वाचला आणि चूक सापडली. एका शेतातली ज्वारी रानडुकरांनी पार खाल्ली होती आणि तिथे पीक शून्य लिहिलेलं होतं. मी मशीनला त्या शून्यानं भागायला सांगितलं होतं. शून्यानं भागता येत नाही हे मला शाळेपासून माहीत, पण रानडुकरं येतील हे मी धरलंच नव्हतं. एक ओळ वाढवायची होती, शून्य असेल तर हा तुकडा सोडून पुढे जा.

पण सांगणार कशी? जाड काच, आत मशीनची घरघर. मी ओरडले, तो कानाला हात लावून मान हलवू लागला. मी दोन्ही हातांनी डुकराचे सुळे करून दाखवले. तो घाबरला. त्याला वाटलं मला काही झालं. पहारेकरीही जरा मागे सरकला. मग लक्षात आलं, आत गार आणि बाहेर पावसाची दमट हवा, त्यामुळे काचेला बाहेरून वाफ धरली होती. मी बोटानं काचेवर ओळ लिहिली. भगवाननं वाचली आणि चेहरा आणखी गोंधळला. त्याला ती उलटी दिसत होती! मी ती पुसून दुसरीकडे उलटी लिहायला घेतली. अक्षर अन् अक्षर उलटं, उजवीकडून डावीकडे. पहारेकरी माझ्या मागे येऊन उभा राहिला. "बाई, हा मंत्र आहे का?"

"हो बाबा," मी म्हटलं. "लागू पडला तर बघा."

भगवान आत कोपऱ्यात ठेवलेल्या पंचिंगच्या मशीनवर बसला. बोटं पडली. कार्ड निघालं. त्यानं ते काचेला लावून दाखवलं, मी कुठे घालायचं ते बोटांनी सांगितलं. मशीन पुन्हा सुरू झालं. ज्वारीचा पहिला तुकडा, दुसरा, तो रानडुकरांचा तुकडा आला, आणि मशीन त्याला ओलांडून पुढे गेलं.

मग आम्ही काय केलं ते सांगायला आता लाज वाटत नाही. काचेच्या आत भगवान दोन्ही हात वर करून नाचायला लागला. काचेच्या बाहेर मी नऊवारी नाही, साधी गोल साडी सावरत फुगडीच्या गिरक्या घ्यायला लागले, एकटीच. म्हातारा पहारेकरी टाळ्या वाजवत होता, कशासाठी ते माहीत नसताना.

त्या गोंधळानं केंद्राचे प्रमुख वरच्या मजल्यावरून खाली आले. त्यांनी बाहेर माझ्याकडे पाहिलं, दार उघडून आत भगवानकडे पाहिलं. "इथला प्रोग्रामर कोण आहे?"

कागदोपत्री उत्तर सोपं होतं. भगवान उभा होता, कपाळावर घाम, हातात निकालाचा कागद. तो म्हणाला, "साहेब, मी निस्ता हात हाय. डोकं भाईर उभं हाय."

प्रमुखांनी वाकून काचेवरची उलटी अक्षरं वाचली. मग पहारेकऱ्याला म्हणाले, "त्यांना आत घ्या. त्यांचा कागद त्यांना उचलू द्या." मी आत गेले आणि निकाल माझ्या हातांनी उचलला. कोमट होता, तव्यावरून उतरवून जरा वेळ ठेवलेली भाकरी लागते तितका.

दुसऱ्या दिवशी बैठकीत तेच प्रमुख बसले होते. निकाल वाचून झाल्यावर त्यांनी रत्नपारखीसाहेबांना सगळ्यांसमोर विचारलं, "हा प्रोग्राम तुमच्याकडे कुणी लिहिला?" साहेब म्हणाले, "आमच्या कमलबाईंनी." हे मला त्यांनी स्वतःच नंतर सांगितलं, चहा पाजून. त्या एका वाक्यासाठी मी त्यांचं बाकी सगळं सोडून दिलं.

पुढचं थोडक्यात. मला प्रोग्रामरची जागा मिळाली, पण खाली टीप होती, "फक्त दिवसपाळीपुरती". भगवानची अडचण अशी, की पंच ऑपरेटरची पदं बायकांची. मग त्याचं काय करायचं? त्याला पंचिंगचा सुपरवायझर केला. तो नको नको म्हणत असताना. बाईनं पुरुषाचं काम मागितलं तर दार किलकिलं होतं, पुरुषानं बाईचं केलं तर त्याला खुर्ची आणून देतात, हे गणित मी तेव्हा शिकले. प्रमिलाबाईंना मात्र कुणी कुठेच पाठवलं नाही. लेकरं लहान आहेत, असं साहेब म्हणाले, त्यांना न विचारताच. दांड्याची यंत्रं गेली आणि त्या पत्रांवर शिक्के मारायला बसल्या. आमच्यात आकड्यांचं सगळ्यात निर्मळ डोकं त्यांचं होतं. मी तेव्हा आनंदात होते, मला ते उशिरा दिसलं. एवढी एक गोष्ट अजून टोचते.

पण त्या निकालानंतरची परतीची एसटी मला विसरता येत नाही. आम्हा दोघांनाही झोप नव्हती, पेट्या पायाशी होत्या आणि हसू थांबत नव्हतं. मी हातांचे सुळे केले की भगवान हसे, तो हात वर करून नाचायची खूण करी की मी हसे. पुढच्या बाकावरची म्हातारी मागे वळून बघून आम्हालाच हसायला लागली. शेवटी कंडक्टर तिकिटं द्यायचं थांबवून जवळ आला.

"काय हो, नवीन लग्न झालंय का?"

"न्हाई," भगवान डोळे पुसत म्हणाला. "नवीन नोकरी लागलीय. एकमेकांची."